वेगळ्या जडणघडणीच्या मुलांना कार्यनियोजनाचा आधार : जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या संदर्भात

पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेले जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके निसर्गानेच दोन भागांत विभागले आहेत. पूर्वेस कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या पाण्यावर पोसलेला बागायती पट्टा, नारायणगावचा टोमॅटोचा आणि मंचरचा कांदा-बटाट्याचा बाजार. पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत पसरलेली महादेव कोळी, ठाकर व कातकरी समाजांची गावे, त्यांच्या वाड्या, भातखाचरे, नाचणी-वरईची उतारावरील शेती आणि हिरड्याची झाडे. पूर्वेकडील माध्यमिक शाळेत वर्ग भरगच्च असतो, तर पश्चिमेकडील वाडीवरच्या शाळेत एक किंवा दोन शिक्षक सर्व इयत्ता सांभाळतात. परिस्थिती अशी भिन्न असली तरी एका प्रकारचा विद्यार्थी दोन्हीकडील शिक्षकांच्या परिचयाचा आहे. वही काढा, तारीख घाला, फळ्यावरील गणित उतरवून घ्या आणि सोडवून झाले की वही टेबलावर आणून ठेवा, असे शिक्षकांनी सांगितले म्हणजे उरलेला वर्ग कामाला लागतो. हा विद्यार्थी वही काढतो आणि तेथेच थांबतो. तोंडी विचारले तर तेच गणित तो अचूक सांगतो. गृहपाठ केलेला असतो, पण वही घरी राहते. खेळाचा तास अचानक रद्द झाला तर तो अर्धा दिवस बिथरलेला असतो. अशा मुलाला ‘आळशी’, ‘वांड’ किंवा ‘विसरभोळा’ म्हणण्याची प्रथा आहे, आणि एकदा हे नाव चिकटले की पुढील सारे वर्तन त्याच नावाने वाचले जाते.

या मुलांपैकी काहींची अडचण बुद्धीची नसते, इच्छेचीही नसते. ज्या शक्तीच्या बळावर माणूस काम हाती घेतो, त्याचा क्रम ठरवितो, मध्येच आलेला मोह आवरतो आणि काम पुरे झाल्याची खात्री करून घेतो, ती शक्ती त्यांच्यात सावकाश किंवा निराळ्या रीतीने विकसित होत असते. मानसशास्त्रात तिला ‘एक्झिक्युटिव्ह फंक्शन’ म्हणतात. मराठीत तिला कार्यकारी क्षमता म्हणणे सोयीचे आहे.

मुकादमाविना टोळी

ऊसतोडीच्या वा बांधकामाच्या टोळीचे उदाहरण घेतले तर ही कल्पना स्पष्ट होते. टोळीतील प्रत्येक माणूस आपापल्या कामात वाकबगार आहे, हत्यारे आहेत, मालही आला आहे. परंतु कोणते काम आधी, कोणी कोठे उभे राहायचे आणि केव्हा थांबायचे हे सांगणारा मुकादम आलेला नाही. टोळी नुसती बसून राहते किंवा चुकीच्या बाजूने काम सुरू करते. म्हणून कोणी त्या माणसांना अकुशल म्हणत नाही. मेंदूतील हे मुकादमाचे काम मुख्यतः कपाळामागील भागाकडे असते. रशियन शास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया (१९०२–१९७७) यांनी दुसऱ्या महायुद्धात डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांचा अभ्यास करताना असे रुग्ण पाहिले की ज्यांची वाचा व स्मरण शाबूत होते, पण बेत आखून तो तडीस नेणे त्यांना साधत नव्हते. पुढील संशोधनात या क्षमतेचे तीन प्रमुख घटक वेगळे दाखविण्यात आले : उत्स्फूर्त प्रतिक्रियेला आवर घालणे, हातातील कामापुरती माहिती ध्यानात धरून ती अद्ययावत ठेवणे, आणि परिस्थिती बदलली की विचाराची वाट बदलणे.

कोणत्याही मुलात ही क्षमता जन्मतः तयार नसते. ती बालवयात वेगाने वाढते, आणि मेंदूच्या या भागाची जडणघडण विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. अवधानाची न्यूनता व अतिचंचलता असलेली मुले या बाबतीत समवयस्कांच्या सुमारे ३० टक्के मागे असतात, असे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांचे ढोबळ अनुमान आहे. म्हणजे बारा वर्षांच्या मुलाकडून आपले दप्तर आपण सांभाळण्याची जी अपेक्षा करावयाची, ती आठ-नऊ वर्षांच्या मुलाकडून करावी तेवढीच असावी. शिक्षकाने एवढा एक हिशेब ध्यानात ठेवला तरी वर्गातील पुष्कळशी कटुता टळू शकेल. स्वमग्न मुलांत आवर घालण्यापेक्षा वाट बदलण्याची अडचण अधिक दिसते. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांत माहिती ध्यानात धरण्याची. अर्थात या रेषा काटेकोर नाहीत, आणि एकाच मुलात दोन प्रकार एकत्र आढळणे नेहमीचे आहे. मेंदूच्या जडणघडणीतील अशा भिन्नतेकडे केवळ व्याधी म्हणून न पाहता मानवी विविधतेचा भाग म्हणून पाहावे, असा विचार १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून जगभर मांडला जाऊ लागला. शाळेच्या दृष्टीने त्याचा व्यावहारिक अर्थ सरळ आहे : मुलाला बदलण्याचा आटापिटा करण्याआधी कामाची मांडणी बदलून पाहावी.

आधी काय तपासावे

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. वर्गात लक्ष न लागण्याची कारणे अनेक असतात आणि डोंगरी भागात तर ती अधिक असतात. कान फुटल्यामुळे मुलाला कमी ऐकू येत असेल, रक्तक्षय असेल, सकाळी पोटात काही नसेल, पालक कामासाठी स्थलांतरित झाल्यामुळे शाळेत खंड पडला असेल, किंवा घरातील बोली आणि पुस्तकातील मराठी यांतील अंतरामुळे सूचनाच कळली नसेल. यांपैकी कोणतेही कारण असताना मुलावर मज्जाविकासाच्या भिन्नतेचा शिक्का मारणे हा अन्याय होय. फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येऊन तपासणी करतात; जन्मजात दोष, जीवनसत्त्वादींची कमतरता, आजार आणि विकासातील विलंब हे त्यांच्या तपासणीचे विषय आहेत. पथक येईल त्या दिवशी संबंधित मुलाचे नाव, त्याच्याविषयीची निरीक्षणे आणि शक्य तर पालक, हे तिन्ही हजर ठेवणे मुख्याध्यापकांच्या हाती आहे. पथकासमोर मुलांची नुसती रांग लावली, तर चुळबुळ न करता उभे राहिलेले मूल निरोगी ठरून पुढे सरकते. शांत बसून स्वप्नात हरवणाऱ्या मुली याच रीतीने वर्षानुवर्षे नजरेतून सुटतात.

कायद्याची बाजूही माहीत असावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्यात मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे. अवधान-न्यूनता व अतिचंचलता हा स्वतंत्र प्रकार मात्र त्या यादीत नाही. अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती देण्याचे पाऊल महाराष्ट्राने १९९६ मध्येच उचलले होते, ही राज्याला भूषणावह गोष्ट आहे. तथापि, परीक्षेत मिळणारा जादा वेळ हा त्या दिवसापुरता आधार झाला. वेळ कसा वाटून घ्यावा, कोणता प्रश्न आधी सोडवावा हे ज्याला ठरविता येत नाही, त्याला केवळ जादा वेळ देऊन भागत नाही. आणि प्रमाणपत्रासाठी तालुक्याबाहेरच्या रुग्णालयात वारंवार जावे लागते तेव्हा, जुन्नरपासून पुणे सुमारे ९० किलोमीटर आहे हे लक्षात घेता, डोंगरातील पालकाच्या दृष्टीने प्रत्येक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे असते. सुदैवाने पुढे वर्णन केलेल्या साहाय्यासाठी कोणत्याही प्रमाणपत्राची वाट पाहण्याचे कारण नाही.

आधार कोठे उभारावा

वेगवेगळ्या देशांत या क्षेत्रातील व्यावसायिकांनी, म्हणजे मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक, व्यवसायोपचारतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांनी, गेल्या काही दशकांत जे कार्यक्रम रचले, त्यांतून एक गोष्ट सातत्याने पुढे आली आहे. स्मरण वा अवधान वाढविण्यासाठी संगणकावर वेगळे सराव दिले तर मूल त्या सरावात तरबेज होते, पण वर्गातील कामावर त्याचा परिणाम फारसा उतरत नाही. मॉनिका मेल्बी-लेरवोग व चार्ल्स हुल्म यांनी २०१३ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेऊन नेमके हेच दाखविले. उलट, काम जेथे घडते त्या जागी, घडण्याच्या क्षणी दिलेला आधार उपयोगी पडतो. दप्तर भरण्याची अडचण असेल तर आधार दप्तराच्या खुंटीपाशी हवा. समुपदेशनाच्या खोलीत नव्हे.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात एरिक शॉप्लर यांनी १९७२ पासून स्वमग्न मुलांसाठी जो राज्यव्यापी कार्यक्रम चालविला, त्यात दिवसाचा क्रम चित्रांच्या पट्टीवर मांडण्याची आणि कामाची जागा आखून देण्याची पद्धत रूढ झाली. वॉशिंग्टन येथील मुलांचे रुग्णालय आणि शेजारच्या मेरीलँड राज्यातील आयव्हीमाउंट शाळा यांनी मिळून स्वमग्न मुलांसाठी लवचीकपणा व नियोजन शिकविणारा एक अभ्यासक्रम तयार केला. त्याची चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. केवळ सामाजिक कौशल्ये शिकविलेल्या मुलांच्या तुलनेत या मुलांचे नियोजन व लवचीकपणा अधिक सुधारला. या अभ्यासक्रमाचे बलस्थान त्यातील साध्या शब्दांत आहे. ‘अडकलो’, ‘पहिला बेत’, ‘दुसरा बेत’ असे मोजके शब्द शिक्षक, पालक आणि मूल तिघेही एकाच अर्थाने रोज वापरतात. शब्द ठरलेला असला की रागावण्याची गरज कमी होते.

हे शब्द येथे भाषांतर करून आणण्याचे मात्र प्रयोजन नाही. आवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात पाय रुतणे म्हणजे काय, हे पश्चिम पट्ट्यातील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. आणि रुतलेला पाय जोराने ओढला तर अधिक रुततो, थोडा हलवून सैल करावा लागतो, हेही ठाऊक आहे. ‘रुतलो’ हा एक शब्द पुस्तकातील पाच परिच्छेदांचे काम करील. बाजारात मिळणाऱ्या तयार तक्त्यांबाबतही हेच म्हणावे लागते. वॉशबेसिन, शाळेची पिवळी बस आणि जेवणाचे टेबल यांची चित्रे असलेला दिनक्रमाचा तक्ता हातपंपावर तोंड धुऊन पायवाटेने शाळेत येणाऱ्या मुलासमोर टांगणे हा निधीचा अपव्यय आहे. त्याऐवजी मुलाने स्वतः काढलेली सहा चित्रे अधिक मोलाची.

या भागातील कुटुंबांना क्रमवार कामाची कल्पना नवी नाही. राब भाजणे, पेरणी, चिखलणी, आवणी, कापणी, झोडणी हा भाताचा क्रम कोणी चुकवीत नाही, कारण प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याची आठवण देत असतो : रोपे हाताएवढी झाली की खाचर तयार हवे, हे डोळ्यांना दिसते. शाळेतील कामात अशी दिसणारी खूण नसते. निबंध लिहिण्याच्या कामात ‘रोपे तयार झाली’ हे मुलाने कशावरून ओळखावे? कार्यक्रम रचणाऱ्याचे खरे काम हेच की, अदृश्य टप्प्यांना दिसतील अशा खुणा द्यावयाच्या. दोरीवर अडकविलेली चार कार्डे, काम संपले की एक कार्ड डब्यात. वेळ दाखविण्यासाठी भिंतीवरील घड्याळावर खडूने केलेली खूण. वहीच्या कोपऱ्यात तीन चौकोन. यांपैकी कशालाही खर्च येत नाही.

बांधकामावर भिंत उभी राहीपर्यंत परांची बांधतात आणि चुना-सिमेंट धरले की उतरवितात. जेरोम ब्रुनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये शिकविण्याच्या प्रक्रियेला हीच उपमा दिली. परांची घाईने काढली तर भिंत ढासळते. कधीच न काढली तर घर पुरे झाले असे कोणी म्हणणार नाही. म्हणून आधार देताना तो कमी करण्याचा बेतही त्याच दिवशी लिहून ठेवावा लागतो. पहिल्या आठवड्यात शिक्षक प्रत्येक कार्डाजवळ उभे राहतील, मग केवळ पहिल्या कार्डाशी, मग नुसते बोट दाखवतील, मग शेजारचा मित्र आठवण देईल. किती वेळा सांगावे लागले याची रोज एका रेघेने नोंद केली म्हणजे सहा आठवड्यांनी प्रगती आकड्यात दिसते, आणि दिसत नसेल तर आधाराची जागा चुकली असे समजावयाचे. मूल चुकले असे नव्हे.

खेळांचा उपयोग किती, हा प्रश्न शिक्षक नेहमी विचारतात. ‘चिमणी उड, कावळा उड, म्हैस उड’ या खेळात म्हशीच्या वेळी बोट वर न जाऊ देणे म्हणजे प्रतिक्रियेला आवर घालण्याचा शुद्ध सराव होय. ‘तळ्यात-मळ्यात’ आणि ‘शिवाजी म्हणतो’ हेही त्याच जातीचे. शिवनेरीच्या पायथ्याशी तरी दुसरा खेळ मुलांना सुचवावा लागू नये. हे खेळ परिपाठाच्या वेळी रोज पाच मिनिटे जरूर घ्यावेत. परंतु खेळात थांबता येणारे मूल भांडणात थांबेलच, अशी अपेक्षा ठेवू नये. म्हैस आणि मारामारी यांच्यामधला पूल शिक्षकालाच बांधावा लागतो : ‘आता म्हैस आली, बोट खाली’ असे प्रत्यक्ष प्रसंगी हळूच म्हणून.

आश्रमशाळेची घंटा

या दोन तालुक्यांच्या बाबतीत सर्वांत अधिक विचार आश्रमशाळांचा व्हावयास हवा. घोडेगाव येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या अखत्यारीतील आश्रमशाळांत मुले निवासी राहतात. उठणे, प्रार्थना, नाश्ता, वर्ग, जेवण, खेळ, अभ्यास, झोप या सर्वांसाठी घंटा होते. कपडे, वह्या, जेवण यांची जागा ठरलेली असते. आजूबाजूस पुष्कळ मुले तेच काम त्याच वेळी करीत असतात, त्यामुळे एखादे मूल गोंधळले तरी गर्दीबरोबर योग्य ठिकाणी पोहोचते. कार्यकारी क्षमता कमी असलेल्या मुलाच्या दृष्टीने ही जवळजवळ आदर्श परांची होय. असे मूल येथे तग धरते, कित्येकदा चांगले गुणही मिळविते, आणि त्याची अडचण कोणाच्या ध्यानात येत नाही.

अडचण समोर येते ती घंटा थांबल्यावर. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेलेले मूल शाळा उघडल्यावर वेळेवर परत येत नाही. दहावी झाल्यावर मंचर, जुन्नर वा पुण्यातील महाविद्यालयात प्रवेश मिळतो. तेथे कोणी उठवीत नाही, तास बदलले तरी सूचना फलक स्वतः वाचावा लागतो, शिष्यवृत्तीच्या अर्जाची अखेरची तारीख स्वतः ध्यानात ठेवावी लागते, बँकेचे खाते, जातीचा दाखला, परीक्षेचा अर्ज अशी दहा कामे एकाच पंधरवड्यात येतात. पहिल्या सत्रात अर्ज राहतो, दुसऱ्या सत्रात हजेरी कमी पडते, आणि मुलगा घरी परत येतो. गावात सांगितले जाते की त्याचे शिक्षणात लक्ष नव्हते. वस्तुतः दहा वर्षे जे मुकादमाचे काम घंटेने केले, ते त्याला कधी हातात देण्यातच आले नव्हते. शिस्त बाहेरून लादणे आणि शिस्त शिकविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. निवासी संस्थांत पहिली उत्तम साधते, म्हणून दुसरी झाली असे गृहीत धरले जाते.

यावर उपाय घंटा बंद करणे हा नव्हे. आठवीपासून ती थोडी थोडी मुलाच्या हाती सोपविणे हा आहे. संध्याकाळच्या अभ्यासाचा एक तास घंटेविना ठेवता येईल. काय करायचे ते विद्यार्थ्याने आधी तीन ओळींत लिहावे आणि अखेरीस स्वतःच तपासावे. नववीत साप्ताहिक कामांची वही त्याच्याकडे द्यावी : साबण संपला, वही भरली, घरी पत्र वा फोन, प्रकल्पाची तारीख. दहावीत अधीक्षक वा अधीक्षिका यांच्या देखरेखीखाली दोन खरे अर्ज त्यानेच भरावेत, कागदपत्रांची पिशवी त्यानेच लावावी. बहुसंख्य मुलांना याचा थोडा लाभ होईल. ज्यांची जडणघडण वेगळी आहे त्यांना या वाचून गत्यंतर नाही. सुट्टीवर जाणाऱ्या मुलाबरोबर एक छोटे कार्ड द्यावे, त्यावर परत येण्याचा दिवस, बरोबर आणावयाच्या वस्तू आणि निघण्याची वेळ. डोंगरात मोबाईलला संपर्कजाळे नसले तरी फोनमधील गजर चालतो, ही क्षुल्लक वाटणारी माहितीही उपयोगाची आहे. मात्र गजर लावताना तो कशासाठी हे मुलाच्या स्वतःच्या आवाजात नोंदवून ठेवलेले बरे.

शाळेबाहेरील तरुणांचा विचार याच रीतीने करता येतो. टोमॅटोच्या हंगामात रंग व आकारानुसार फळे निवडून क्रेट भरण्याचे काम एखादा स्वमग्न तरुण इतरांपेक्षा नेटकेपणाने करू शकेल. पण गाडी नेहमीपेक्षा दोन तास आधी आली तर तो बावरेल. मालकाने सकाळी ‘आज गाडी लवकर’ असे लाल कार्ड क्रेटवर ठेवण्याची सवय लावून घेतली, तर एका माणसाचा रोजगार टिकतो. अशा वेळी त्या तरुणाला ‘नीट वागायला’ शिकविण्यापेक्षा मालकाला कार्ड ठेवायला शिकविणे सोपे असते, आणि जलदही.

काम कोणी करावे

तज्ज्ञ शहरात राहतात, हे वास्तव आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मधील निर्णयात विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्राथमिक स्तरावर १० मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिक व माध्यमिक स्तरावर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण घालून दिले. अनेक वाड्या सांभाळणाऱ्या फिरत्या विशेष शिक्षकाला मात्र प्रत्येक मुलाजवळ रोज उभे राहणे शक्य नाही. या बाबतीत गोव्याचे उदाहरण मार्गदर्शक आहे. तेथील ‘संगत’ या संस्थेने ब्रिटनमधील संशोधकांच्या सहकार्याने, स्वमग्न मुलांच्या पालकांना मार्गदर्शन करण्याची एक पद्धत तज्ज्ञ नसलेल्या प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांमार्फत राबविली. गोवा व पाकिस्तानातील रावळपिंडी येथील ६५ मुलांवरील या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पालकांच्या प्रतिसादात आणि मुलाने आपण होऊन संवाद सुरू करण्यात सुधारणा दिसली. हा कार्यक्रम संवादाविषयी होता, कार्यनियोजनाविषयी नव्हता. परंतु तज्ज्ञाने कार्यकर्त्यास शिकवावे, कार्यकर्त्याने पालकास आणि पालकाने रोजच्या जगण्यात ते वापरावे, ही साखळी टिकते एवढे त्यातून सिद्ध झाले.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे बालशिक्षणाचे जे काम सुरू केले व पुढे कोसबाड येथे नेले, त्यात मूल शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात आणि गुरांमागे कुरणात न्यावी, हे सूत्र होते. मॉन्टेसोरी पद्धतीतील महागडी साधने बाजूस सारून त्यांनी शिंपले, बिया, खडे वापरले. आज जे तज्ज्ञ जुन्नर-आंबेगावसाठी कार्यक्रम लिहितील, त्यांनी लिहिण्याआधी एखाद्या वाडीवरील शाळेत सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून दिवस कोठे मोडतो ते पाहावे. सकाळी दप्तर भरताना, की फळ्यावरून उतरवून घेताना, की एका विषयातून दुसऱ्याकडे वळताना? एकाच मुलासाठी एकच जागा निवडावी. पाच उद्दिष्टांचा आराखडा फाइलमध्ये शोभतो, एका उद्दिष्टाचा वर्गात चालतो. केंद्रस्तरावरील शिक्षण परिषदेत अशा एका मुलाची, नाव न घेता, चर्चा झाली तर शेजारच्या सहा शाळांना नमुना मिळतो. नाव न घेण्याचा आग्रह येथे मुद्दाम धरावयाचा आहे. मुलाच्या चुकांचा तक्ता त्याच्या नावानिशी भिंतीवर लावण्याची पद्धत काही शाळांत दिसते. ती आधार नसून जाहीर शिक्षा आहे.

ग्रामपंचायतींकडे यासाठी पैशाची वाट अगदीच बंद नाही. स्वउत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. ती बहुधा एकाच दिवशी वस्तू वा रोख वाटून संपविली जाते. पश्चिम भागातील अनुसूचित क्षेत्रात मोडणाऱ्या गावांना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो आणि आरोग्य, स्वच्छता व शिक्षण हा त्याच्या खर्चाचा एक मान्य विषय आहे. त्यातून फिरत्या विशेष शिक्षकाच्या जादा भेटींचा प्रवास, पालकांच्या बैठका आणि आशा व अंगणवाडी कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण यांची तरतूद ग्रामसभेला ठरावाने सुचविता येईल. शालेय व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. मागणी त्यांच्याकडून आली तर ठरावाला वजन येते.

बैठकांची वेळ ठरविताना शेतीचे पंचांग समोर ठेवावे लागेल. आवणीच्या दिवसांत आणि बाळहिरडा गोळा करण्याच्या हंगामात बोलाविलेल्या बैठकीस कोणी येणार नाही, आणि मग पालक उदासीन आहेत असा शेरा अहवालात जाईल. आवणी उरकल्यानंतर भाद्रपदात, आठवडे बाजाराच्या दिवशी दुपारी, बाजाराच्याच गावात घेतलेल्या बैठकीस आई-वडील दोघेही येऊ शकतात. त्या बैठकीत व्याख्यान न ठेवता प्रत्येक पालकाला एकच प्रश्न विचारावा : घरातील कोणते काम तुमचे मूल सांगितल्याविना पुरे करते? शेळ्या परत आणणे, चूल पेटविणे, पाणी भरणे, काही तरी निघतेच. तेथे कोणती खूण त्याला आठवण देते हे शोधून काढले की शाळेतील पहिले कार्ड कसे असावे याचा अंदाज शिक्षकाला येतो.